धरणगाव आणि अंबापाणी

मुंबईचे एक स्नेही मागच्या हिवाळ्यात भडगावला घरी आले होते. चहा घेता घेता म्हणाले, "तुमच्या खानदेशात इंग्रजांच्या काळातलं पाहण्यासारखं काय आहे हो?" मी पटकन सांगून टाकलं, "धरणगाव. आउट्रमसाहेबाचा मुक्काम होता तिथं." पाहुणे गेले आणि माझं उत्तर मलाच खटकत राहिलं.

मंडळी, खानदेश समजून घ्यायचा तर आधी त्याचे डोंगर पाहावे लागतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळ्याच्या रांगा, मधे तापी आणि तिला मिळणाऱ्या आमच्या गिरणा, पांझरा. मधली काळी जमीन कुणब्यांची, दोन्हीकडचे डोंगर भिल्लांचे. 1802 च्या सुमाराला होळकरांच्या फौजांनी मुलूख लुटला, पाठोपाठ दुष्काळ पडला. गावं ओस पडली. गावाची राखण करणारे कितीतरी भिल्ल डोंगरात गेले आणि पोटासाठी लुटारू झाले.

1818 मध्ये कंपनी सरकार आलं ते या उजाड मुलखात. थाळनेरचा किल्ला घेताना त्यांनी आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर दिलं. कॅप्टन ब्रिग्जनं कारभारासाठी धुळं निवडलं, कारण ते आग्रा रस्त्यावर होतं. धरणगावचंही तसंच. सपाटीच्या मधोमध असलेलं गाव, तिथून दोन्ही डोंगरांकडे माणसं पाठवता येत.

1825 मध्ये जेम्स आउट्रम आला. वय अवघं बावीस. भिल्लांबरोबर तो शिकारीला गेला, वाघ मारले, त्यांच्यात बसला-उठला आणि त्यांच्यातलेच तरुण घेऊन त्यानं पलटण उभी केली. हीच खानदेश भिल्ल कोअर. माणूस धाडसी होता, यात वाद नाही. बी. ए.ला माझा इतिहास होता, तेव्हा आउट्रमची एवढीच गोष्ट आम्ही पाठ केली आणि मार्क मिळवले.

पुढची गोष्ट नंतर कळली. खाज्या नाईक हा कंपनीच्याच नोकरीत होता. त्याच आग्रा रस्त्यावरच्या सेंधव्याच्या घाटाची राखण तो करायचा. 1857 मध्ये तो उलटला. भीमा नाईक आणि शेकडो भिल्ल त्याला मिळाले. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यात अंबापाणीला लढाई झाली. कंपनीच्या फौजेत कोण होतं? धरणगावची भिल्ल कोअर! वर दगडांआड भिल्ल, खालून चढणारेही भिल्ल. पकडलेल्यांपैकी अनेकांना इंग्रजांनी तिथंच गोळ्या घातल्या. त्या दिवशी समोरासमोर कोणाचे भाऊबंद आले असतील, या विचाराशी मी फार वेळ अडतो. कविता मात्र अजून झालेली नाही.

आता मला खटकलं ते हेच. पाहुण्यानं विचारलं की आपण साहेबाचं गाव दाखवतो. अंबापाणीचं नाव आपल्या तोंडी येत नाही. तेही इंग्रजांच्या काळातलंच ना?

दूर दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियात, पोतोसी नावाचं शहर आहे. स्पॅनिशांनी तिथल्या चांदीसाठी डोंगर पोखरला, आणि खाणीत स्थानिक इंडियन लोकांना सक्तीनं राबवलं. 1987 मध्ये युनेस्कोनं ते शहर जागतिक वारसा ठरवलं. त्या वारशात टांकसाळ आणि चर्च तर आहेतच, पण त्या राबणाऱ्या मजुरांच्या वस्त्याही आहेत. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं.

परवा त्या स्नेह्यांना फोन केला. म्हटलं, पुढच्या वेळी दोन दिवस जास्तीचे काढून या. एक दिवस एरंडोलवरून धरणगाव करू. दुसऱ्या दिवशी पहाटे निघू आणि शिरपूरवरून सेंधव्याच्या घाटाकडे जाऊ. ते म्हणाले, "तिकडे पाहायला काय आहे?" म्हटलं, "डोंगर आहे. या तर खरं."