विमान घेणे आणि विमान राखणे



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मी विमानाचा विषय निवडला, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. विमान आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. बीदरला वायुदलाच्या वैमानिकांचे शिक्षण १९६३ पासून होत आले आहे आणि २०१९ च्या नोव्हेंबरात कलबुर्गीचा विमानतळही सुरू झाला. परंतु ही विमाने सरकारची किंवा कंपन्यांची. एखाद्या गृहस्थाने, शेताचा तुकडा आपल्या नावावर असावा तसे, एक लहानसे विमान आपल्या नावावर बाळगावे, हा प्रकार मात्र आपल्याकडे कथेतला वाटतो. तो कथेतला नाही. त्याला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो बहुधा उड्डाणांचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो त्याहून अधिक दुरुस्तीचा आहे, आणि ती बाजू लिहून ठेवण्याचे कष्ट फारच थोड्यांनी घेतले.

खाजगी विमान म्हणजे श्रीमंतांचा षोक, ही समजूत निराधार नसली तरी अपुरी आहे. पहिल्या महायुद्धानंतर विमाने पुष्कळ उरली होती, पण ती युद्धासाठी बांधलेली, अवजड आणि इंधन पिणारी. सामान्य ऐपतीच्या माणसाला झेपेल असे विमान इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅव्हिलंड यांनी तयार केले. २२ फेब्रुवारी १९२५ रोजी त्यांचे ‘मॉथ’ प्रथम उडाले. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, पुढे-मागे दोन उघड्या बैठका. त्याचे पहिले इंजिन मोठ्या काटकसरीने साधले होते. युद्धानंतर पडून राहिलेल्या आठ सिलिंडरांच्या रेनॉ इंजिनाचे भाग घेऊन त्यातून चार सिलिंडरांचे एक इंजिन उभे केले गेले. पंख मागे घडी करून ठेवता येत, त्यामुळे विमान मोटारीच्या मागे जोडून नेता येई आणि एखाद्या मोठ्या गोठ्याएवढ्या जागेत मावत असे. पुढे ‘जिप्सी’ नावाचे नवे इंजिन आले. त्याच्या टिकाऊपणाची खात्री पटविण्यासाठी एक इंजिन मोहोरबंद करून ते ६०० तास विमानात चालविण्यात आले. आजच्या जाहिरातीत वेगाचे आकडे असतात. त्या काळच्या गिऱ्हाईकाला इंजिन किती दिवस उघडावे लागणार नाही, हे जाणून घ्यावयाचे होते. मला हा फरक फार बोलका वाटतो.

हिंदुस्थानात या विमानांना क्लबांनी आणले. १९२७ साली ‘एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’ स्थापन झाला आणि त्यापाठोपाठ दिल्ली, कराची, कलकत्ता व मुंबई येथे उड्डाण क्लब निघाले. मुंबईला जुहूच्या मैदानावर १९२८ पासून विमाने उतरू लागली. तेथेच शिकून जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळविला. त्या परवान्यावर क्रमांक होता एक. विमान विकत घेणारे थोडे होते, क्लबाचे सभासद होऊन उडणारे अधिक. पण मालक असो वा सभासद, दोघांचीही मदार एकाच माणसावर होती. सकाळी हँगरचे दार उघडून पंखा हाताने फिरविणारा, तेल पाहणारा, प्लग पुसणारा तो मिस्त्री. छायाचित्रांत तो असतो. बहुधा कडेला, आणि छायाचित्राखाली त्याचे नाव नसते.

१९३० सालची एक हकीकत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधील प्रवास एका महिन्याच्या आत एकट्याने विमानातून पुरा करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक लावले होते. मनमोहनसिंग यांनी ‘मिस इंडिया’ हे आपले विमान आणले, पण मुदत चुकल्याने ते बाद ठरले. अस्पी इंजिनियर हा अवघ्या सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून निघाला; टाटा कराचीहून उलट दिशेने निघाले. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ. इजिप्तमध्ये अबूकीर येथे दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पींचे विमान प्लगच्या बिघाडाने अडून बसले होते आणि त्यांच्यापाशी जास्तीचे प्लग नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे दिले. अस्पी पुढे निघाले, कराचीस आधी पोचले आणि पारितोषिक त्यांना मिळाले. हेच अस्पी इंजिनियर पुढे १९६० ते १९६४ या काळात भारतीय वायुदलाचे प्रमुख होते.

ही गोष्ट खिलाडूपणाचा दाखला म्हणून शाळांतून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात दुसरेही काही आहे. हजारो किलोमीटरांची शर्यत, आणि निकाल लागला तो मुठीत मावणाऱ्या प्लगवर. ज्याच्या सामानात सुटे भाग होते तो दुसऱ्याला देऊ शकला. लहान विमानाच्या मालकीचे मर्म एवढ्यात येते असे म्हणावयास हरकत नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी ‘पुस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले आणि पुढचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बल्लारीवरून मद्रासपर्यंत नेला. हा इतिहास सर्वश्रुत आहे. मला लक्ष वेधावयाचे आहे ते एका गौण वाटणाऱ्या तपशिलाकडे. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई आणि सारे बिऱ्हाड पुण्यास हलवावे लागे. लाकूड, सरस आणि कापड यांपासून बनलेल्या यंत्राला मोसमी पाऊस काय करतो, याची कल्पना ज्यांनी पावसाळ्यात बैलगाडीची धाव सैल होताना पाहिली आहे त्यांना सहज येईल. लाकूड फुगते आणि वाळताना आकसते. सरसाचा सांधा धरला आहे की सुटला आहे हे वरून दिसत नाही. पंखावरचे कापड शिवून, ताणून, त्यावर ‘डोप’ नावाचे रोगण थरावर थर देतात. रोगणाने कापड ढोलकीच्या चामड्यासारखे घट्ट बसते. शेवटी रुपेरी थर देतात तो शोभेसाठी नव्हे, उन्हापासून धाग्यांचे रक्षण व्हावे म्हणून. तरीही काही वर्षांनी कापड जुने होते, ते सारे उतरवावे लागते आणि आतला सांगाडा पाहून नवे चढवावे लागते. विमानाच्या कार्यशाळेत लेथच्या शेजारी शिवणयंत्र असे, हे ऐकून विद्यार्थ्यांना गंमत वाटेल.

आता खरेदीविषयी. सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. तेथे जाणता शेतकरी बैलाच्या झुलीकडे पाहत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. जुन्या विमानाचे दात म्हणजे त्याच्या नोंदवह्या. सांगाड्याची एक, इंजिनाची दुसरी, पंख्याची गरज असल्यास तिसरी. विमान किती तास उडाले, कधी आदळले, कोणता भाग कोणत्या दिवशी बदलला, आणि त्यावर कोणत्या परवानाधारक अभियंत्याने सही केली, हे सारे त्यांत असते. वही हरवलेले विमान रंगाने कितीही झळकत असले तरी शहाणा माणूस त्यापासून दूर राहतो. १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे नियम यांनी ही शिस्त आपल्याकडे पक्की केली. तो कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला असला, तरी मूळ तत्त्व तेच आहे. यंत्र तुमच्या मालकीचे असेल, पण ते उडण्यास योग्य आहे हे ठरविण्याचा अधिकार तुमचा नाही. मालकांना हे जाचक वाटते. विमानाखाली राहणाऱ्या माणसांना तसे वाटण्याचे कारण नाही.

येथवरची सर्व विमाने परदेशी होती. भाग तेथून, पुस्तके तेथून, आणि भाग येईपर्यंत विमान हँगरमध्ये. ही परवशता मोडण्याचा प्रयत्न ज्यांनी केला त्यांपैकी दोघे आपल्या मराठी मुलखातले, आणि त्यांतला एक तर आपल्या शेजारचा. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना स्थापन केला. युद्धाच्या धामधुमीत १९४२ साली सरकारने वालचंदांचा हिस्सा घेतला आणि विमाने बांधण्याऐवजी कारखान्याला मुख्यतः दुरुस्तीचे काम मिळाले. या गोष्टीची नेहमी हळहळ व्यक्त केली जाते. मला ती तितकीशी पटत नाही. दुसऱ्यांनी बांधलेली विमाने उघडून पाहिल्याखेरीज आपले विमान कसे असावे हे कोणाला कळणार होते?

दुसरे नाव डॉ. विष्णु माधव घाटगे यांचे. कोल्हापूरकडचे हे गृहस्थ जर्मनीतील ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांटल या जगन्मान्य शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले आणि १९३६ साली डॉक्टर झाले. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत १९४२ साली विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याची धुरा त्यांच्याकडे होती. त्यांनी आखलेले ‘एचटी-२’ हे शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये उडाले; बीदरच्या प्रशिक्षण केंद्रातही पुढे हीच विमाने होती. पण मला अधिक मोलाचे वाटते ते त्यानंतरचे ‘पुष्पक’. २८ सप्टेंबर १९५८ रोजी ते प्रथम उडाले.

पुष्पक दिसावयास अगदी साधे. पंख वरच्या अंगास, आत शेजारीशेजारी दोन बैठका, पोलादी नळ्या जोडून केलेला सांगाडा आणि त्यावर कापड. नव्वद अश्वशक्तीचे इंजिन. विजेचा स्टार्टर नाही, पंखा हातानेच फिरवावयाचा. रिकाम्या विमानाचे वजन चारशे किलोच्या आत, म्हणजे एका चांगल्या खिलार बैलाएवढे. रचनेत अमेरिकेतील ‘एरॉन्का चीफ’ या विमानाचा आदर्श समोर होता आणि घाटग्यांसारख्या विद्वानाने हे कमीपणाचे मानले नाही. प्रांटलच्या शिष्याला याहून अवघड विमान आखता आले नसते असे नव्हे. परंतु हे विमान कोणाच्या हाती जाणार याचे भान त्यांना असावे. लहान शहरातला क्लब, एखाददुसरा परवानाधारक अभियंता, दोन मिस्त्री आणि ठिगळ लावता येईल असे कापड. ज्याला मोडले तर दुरुस्त करता येईल असे यंत्र गरीब देशाला हवे असते. सुमारे १६० पुष्पके बांधली गेली आणि देशभरच्या क्लबांना मिळाली. वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यांवर शिकल्या.

मग काय झाले? उत्पादन थांबले. सांगाडा आपला असला तरी इंजिन अमेरिकन कॉन्टिनेन्टल कंपनीचे होते. साधारण १८०० तासांनी ते पूर्ण खोलून नवे करावे लागते आणि त्याचे भाग परकीय चलनाशिवाय येत नसत. इंधनाचीही अडचण झाली. हे इंजिन ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी आखलेले होते. पुढे मिळू लागले ते १०० ऑक्टेनचे, शिशाचे प्रमाण कितीतरी अधिक असलेले. त्याने प्लगवर पुटे चढतात. म्हणजे अबूकीरचा प्लग येथेही आडवा आलाच! तेही इंधन आपण दीर्घकाळ आयात करीत होतो. इंडियन ऑइलने ते देशात तयार करून बाजारात आणले ते २०२२ साली. तोवर बहुतेक पुष्पके भिंतीला टेकली होती. क्लबांकडून निघालेली काही विमाने हौशी मालकांनी घेतली, खटपटीने उडती ठेवली; आज अशी मोजकीच उरली आहेत. अशा मालकांना लोक चक्रम म्हणतात. विमानाच्या किमतीहून हँगरचे भाडे, विमा, तपासणी आणि अभियंत्याचा प्रवासखर्च यांतच अधिक पैसा जातो, हे पाहता तो शब्द अगदीच चुकीचा नाही. पण कापडाचे विमान पुन्हा मढविण्याची विद्या आपल्या देशात जी काही शिल्लक आहे ती बरीचशी या चक्रम मंडळींच्या आश्रयाने.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, टपालसेवेस पन्नास वर्षे झाली म्हणून, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे टाटा कराचीहून मुंबईला पुन्हा एकटे उडत आले. त्यांचे विमान मॉथ घराण्यातीलच, ‘लेपर्ड मॉथ’, आणि तेही पन्नाशीच्या घरातले. वृत्तपत्रांनी वैमानिकाच्या वयाचे कौतुक केले. विमानाच्या वयाचे कोणाला फारसे सुचले नाही. उलट २०१२ साली आपल्या वायुदलाचे जुने ‘टायगर मॉथ’ पुन्हा उडाले, तेव्हा त्याची दुरुस्ती ब्रिटनमध्ये करून घ्यावी लागली होती. या दोन उड्डाणांच्या मध्ये तीस वर्षे आहेत. या तीस वर्षांत जुहूच्या, बेगमपेठच्या आणि बंगळूरच्या हँगरांतून कितीतरी जुने मिस्त्री निवृत्त होऊन आपापल्या गावी परतले.

आळंद, बसवकल्याण, उमरगा, अक्कलकोट या आपल्या टापूतून पोटासाठी हैदराबाद, पुणे, मुंबई आणि बंगळूरला गेलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांतला कोणी विमानाच्या कारखान्यात फिटर, सुतार किंवा शिवणकामाला होता काय, याची चौकशी या शाळेच्या विद्यार्थ्यांनी येत्या दिवाळीच्या सुट्टीत करावी. असा कोणी भेटला तर त्यांच्याजवळ बसून, सरस कसा कालवीत, कापडाचा टाका किती अंतरावर घेत आणि इंजिनाच्या आवाजावरून दोष कसा ओळखीत, हे त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून आणावे. मुख्याध्यापकांनी ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवण्याचे मान्य केले आहे.