नेटलेचे चार महिने

‘अ स्टडी इन स्कार्लेट’ (१८८७) ही शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी डॉ. वॉटसनच्या आत्मपरिचयाने उघडते. आपण १८७८ साली लंडन विद्यापीठाची एम.डी. घेतली आणि लष्करी शल्यवैद्यांसाठी नेमलेला अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी नेटलेला गेलो, असे तो सांगतो, आणि लगेच अफगाणिस्तानकडे वळतो. इंग्रजी साहित्याच्या वर्गात हे पान अनेकदा वाचले जाते. पण ‘नेटले’ या शब्दापाशी सहसा कोणी थांबत नाही. मीही कित्येक वर्षे थांबलो नव्हतो. मराठी साहित्याच्या इतिहासात ज्यांची नोंद आहे असे एक गृहस्थ याच अभ्यासक्रमातून बाहेर पडले होते, हे ध्यानात आल्यावर मात्र ते पान निराळे दिसू लागले.

हे गृहस्थ म्हणजे कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. १८४९ चा जन्म, ज्ञातीने पाठारे प्रभू. १९०९ साली बडोद्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. साहित्याच्या विद्यार्थ्याला त्यांच्याविषयी बहुधा इतकेच ठाऊक असते, आणि तेही अध्यक्षांची यादी पाठ करावी लागली असेल तर. ‘भक्तिसुधा’, ‘विलापलहरी’ आणि टेनिसनच्या ‘द प्रिन्सेस’वरून रचलेले ‘इंदिरा’ ही त्यांची काव्ये आज कोणी आवडीने वाचत असेल असे वाटत नाही. मला येथे त्यांच्या काव्याहून त्यांच्या प्रवासाचा विचार करावयाचा आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याने थोड्या काळासाठी परदेशी जावे आणि शिक्का घेऊन परत यावे, ही आज घरोघर परिचित झालेली गोष्ट मुंबईत केव्हा आणि कशासाठी सुरू झाली, ते कीर्तिकरांच्या पिढीकडे पाहिले म्हणजे स्पष्ट होते.

एकोणिसाव्या शतकात फणसवाडी, ठाकूरद्वार, नवी वाडी, भुलेश्वर या पट्ट्यात पाठारे प्रभूंची मोठी वस्ती होती. १८४५ साली स्थापन झालेले भायखळ्याचे ग्रँट मेडिकल कॉलेज या वाड्यांपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते. डॉ. भाऊ दाजी, डॉ. आत्माराम पांडुरंग ही मंडळी १८५१ साली तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतली. त्यांनी मुंबईत शिकून मुंबईतच नाव मिळवले. विलायतेवाचून डॉक्टर होता येत नव्हते अशी स्थिती मुळीच नव्हती. विलायतेवाचून जे मिळत नव्हते ते निराळेच होते.

१८५५ साली इंडियन मेडिकल सर्व्हिसची दारे स्पर्धापरीक्षेने उघडली गेली. परीक्षेला बसण्यास हिंदी माणसाला मनाई नव्हती. पहिल्याच परीक्षेत कलकत्त्याचे सूर्यकुमार चक्रवर्ती निवडले गेले. द्वारकानाथ ठाकुरांच्या प्रवासात १८४५ साली लंडनला नेलेल्या चार बंगाली विद्यार्थ्यांपैकी ते एक. खोच अशी होती की परीक्षा लंडनलाच होत असे. शिवाय उमेदवारापाशी ब्रिटनमध्ये नोंदता येईल अशी पदवी असावी लागे, आणि मुंबई विद्यापीठाची पदवी त्या काळी तेथे नोंदली जात नव्हती. ग्रँट कॉलेजातील शिक्षण लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स ग्राह्य धरीत असे, म्हणून सारा अभ्यासक्रम पुन्हा करावा लागत नसे. परंतु तिकडे जाऊन परीक्षा देणे, मग सर्व्हिसच्या परीक्षेला बसणे आणि त्यातून पार पडल्यास नेटलेचे चार महिने काढणे, यातून सुटका नव्हती. ज्ञान बहुतांशी भायखळ्यात मिळालेले असे. त्यावर मोहोर उठवण्यासाठी सातासमुद्रांपार जायचे.

साउथॅम्प्टनच्या खाडीकाठी पाव मैल लांबीचे एक अवाढव्य लष्करी रुग्णालय होते. १८५६ साली राणी व्हिक्टोरियाने त्याची कोनशिला बसवली आणि १८६३ साली आर्मी मेडिकल स्कूल तेथे आले. लष्करी आरोग्यशास्त्र, शल्यक्रिया, विकृतिशास्त्र आणि उष्ण प्रदेशातील रोग असे चार महिन्यांचे शिक्षण तेथे दिले जाई. लंडनच्या परीक्षेचे गुण आणि नेटलेचे गुण एकत्र करून क्रम लागे, आणि त्या क्रमावर पुढची नोकरीतील ज्येष्ठता अवलंबून असे. म्हणजे हे चार महिने केवळ हजेरीचे नव्हते.

आता यातील विसंगती पाहा. मुंबईच्या जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात ज्याने पटकी, हिवताप, यकृताची गळवे, रक्ती आव हे सारे शेकड्यांनी पाहिले, त्याला तेच रोग इंग्लंडच्या थंड किनाऱ्यावर शिकवले जात. शिकवण्यासाठी रुग्ण म्हणून असत हिंदुस्थानातून आजारी पडून मायदेशी धाडलेले गोरे सैनिक. लष्करी वैद्यकाचे तेथील पहिले प्राध्यापक विल्यम कॅम्पबेल मॅक्लीन यांचे ज्ञान आले होते तेही मद्रास इलाखा आणि हैदराबाद येथून. निजामाच्या हैदराबादेत १८४६ साली निघालेल्या वैद्यकीय शाळेचे ते प्रमुख होते आणि त्या शाळेत शिक्षण उर्दूतून दिले जाई. ज्या गृहस्थांनी दख्खनी मुलांना त्यांच्या भाषेत वैद्यक शिकवण्यात भाग घेतला, त्यांच्याकडूनच तेच रोग इंग्रजीत शिकण्यासाठी दख्खनच्या पलीकडल्या किनाऱ्यावरील तरुणाने बोटीचे भाडे भरायचे! मॅक्लीन हे उत्तम शिक्षक असावेत. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

त्यांच्या वर्गातून जाणे सर्व्हिसच्या प्रत्येक उमेदवाराला बंधनकारक असे, आणि या वाटेने गेलेल्यांत कीर्तिकरांच्या थोडे आधीचे एक मुंबईकर होते डॉ. आत्माराम सदाशिव जयकर. ते सर्व्हिसमध्ये शिरले आणि मस्कतला नेमले गेले; तेथे त्यांनी सुमारे तीस वर्षे काढली. मासे, साप, सस्तन प्राणी गोळा करून ते लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवीत. ओमानच्या डोंगरांतील रानशेळीसारख्या एका प्राण्याला ओल्डफील्ड थॉमस यांनी १८९४ साली त्यांचे नाव दिले. वाळूत राहणाऱ्या एका सापाच्या आणि एका समुद्रघोड्याच्या शास्त्रीय नावातही ‘जयकरी’ आहे. ओमानी बोलीवर आणि ओमानी म्हणींवर त्यांनी लिहिले. अल-दमीरीच्या चौदाव्या शतकातील प्राणिकोशाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी निवृत्तीनंतर केले. एका मुंबईकराने अरबी भाषेच्या अभ्यासात टाकलेली ही भर आपल्या भाषाशास्त्राच्या वर्गांत कधी उल्लेखिली जाते का, हे जाणकारांनी सांगावे.

शिक्क्याने काय पदरात पडते ते कळायचे असेल तर जयकरांहूनही कीर्तिकर आणि डॉ. सखाराम अर्जुन यांना शेजारी ठेवून पाहावे लागते. दोघेही ग्रँट कॉलेजचे. दोघांनीही त्याच कॉलेजात शिकवले, दोघांचाही जीव वनस्पतिशास्त्रात, त्यातही औषधी वनस्पतींत गुंतलेला. सखाराम अर्जुनांनी मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधींची सूची १८७९ साली प्रसिद्ध केली. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा आठ संस्थापकांत हिंदी दोघेच होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन. याच सोसायटीच्या नियतकालिकात पुढे कीर्तिकरांची मुंबईच्या विषारी वनस्पतींवरची लेखमाला आली. अभ्यासाच्या दृष्टीने एकाने टाकलेल्या पायावर दुसऱ्याने बांधले असे म्हणता येते. पण सखाराम अर्जुन सरकारदरबारी असिस्टंट सर्जनच्या पायरीवर राहिले आणि कीर्तिकर लेफ्टनंट-कर्नल होऊन निवृत्त झाले. दोघांच्या विद्वत्तेत इतके अंतर होते असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. एकाने लंडनची परीक्षा आणि नेटलेचे चार महिने पदरी पाडले होते, दुसऱ्याने नाही.

हा प्रवास न करण्याची कारणे काय असत? पैसा हे पहिले, आणि जात हे दुसरे. १८६३ साली करसनदास मुळजी इंग्लंडला जाऊन आले तेव्हा त्यांच्या ज्ञातीने त्यांना वाळीत टाकले होते, आणि ते समाजसुधारक म्हणून प्रसिद्ध होते. नुकता लग्न झालेला, एकत्र कुटुंबात राहणारा डॉक्टर हा धोका पत्करताना किती विचार करील? प्रवास दोन वर्षांचा असो की सहा महिन्यांचा, बोटीवर पाऊल ठेवले की प्रायश्चित्ताचा प्रश्न तोच राही. अल्पकाळ जाण्याची किंमत मुदतीच्या हिशोबाने कमी होत नसे.

बायकांच्या बाबतीत तर ‘अल्पकाळ’ हा शब्दच वापरता येत नाही. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, नोव्हेंबरमध्ये मुंबईस उतरल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास वारल्या. सखाराम अर्जुनांची सावत्र कन्या रखमाबाई १८८९ साली लंडनला गेली. तिच्या नवऱ्याने लावलेल्या खटल्याचा निकाल तडजोडीने होऊन वर्ष उलटले होते. पाच वर्षांनी, १८९४ साली, ती पात्र डॉक्टर झाली, ब्रुसेल्सची एम.डी.ही तिने मिळवली. सावत्र बाप मुंबईतच राहिला आणि मुलगी पाच वर्षे बाहेर राहून परतली, असा या घराचा उलटा हिशोब आहे. अल्पमुदतीचे एकच ठळक उदाहरण मला आठवते ते बंगालचे. कादंबिनी गांगुली यांनी कलकत्त्यात शिकून व्यवसाय सुरू केला होता, पण एका परीक्षकाने अनुत्तीर्ण ठरवल्यामुळे त्यांना विद्यापीठाची पदवी न मिळता कॉलेजची पदविका मिळाली होती. मुले घरी ठेवून त्या १८९३ साली विलायतेला गेल्या आणि काही महिन्यांत स्कॉटलंडच्या तिहेरी पदविका घेऊन परतल्या. नवे वैद्यक शिकायला त्या गेल्या नव्हत्या. आपण डॉक्टर आहोत याचा कोणालाही खोडता येणार नाही असा कागद त्यांना हवा होता.

अन्याय उघड होता आणि तो बोलूनही दाखवला गेला. मुंबईचे डॉ. कैखुश्रू बहादुरजी यांनी १८९० च्या दशकात काँग्रेसच्या व्यासपीठावरून मेडिकल सर्व्हिसच्या रचनेवरच बोट ठेवले. परीक्षा हिंदुस्थानातही घ्या, ही मागणी लंडनने पहिल्या महायुद्धापर्यंत मान्य केली नाही. मुंबईने आपल्या परीने उत्तर दिले ते परळला. १९२६ साली सुरू झालेल्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात अध्यापक हिंदीच असावेत अशी देणगीदारांची अट होती. गंमत अशी की त्या अटीने निवडलेल्यांतही विलायतेची पदवी असणारे पुष्कळ होते. कॉलेज उभारणारे डॉ. जीवराज मेहता स्वतः लंडनचे एम.डी. शिक्का नको म्हणणाऱ्यांनाही शिक्का असलेली माणसेच हाताशी लागत होती. पुढे १९३० साली ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदी पदव्यांची मान्यता काढली. प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणावरचा वाद हे निमित्त झाले. त्यातूनच १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला. १९७५ साली तेच कौन्सिल पुन्हा तसेच वागले.

फणसवाडीतून आजही मुले जातात. कोणी चार आठवड्यांच्या ‘इलेक्टिव्ह’ला, कोणी अमेरिकेतील रुग्णालयात ‘ऑब्झर्व्हरशिप’ला. या दुसऱ्या प्रकारात रुग्णाला हात लावायची मुभा नसते. खिशात हात घालून पाहायचे आणि शेवटी शिफारसपत्र घ्यायचे. केईएमच्या किंवा जेजेच्या बाह्यरुग्ण विभागात एका सकाळी जितके दिसते तितके तेथे महिन्यात दिसत नसेल, हे जाणाऱ्याला पक्के ठाऊक असते. तरी तो जातो, कारण पत्रावरचे नाव पाहिले जाते. २००४ पासून २०२० पर्यंत अमेरिकेच्या परवाना परीक्षेचा एक टप्पा अमेरिकेच्या पाच शहरांतच होत असे. एका दिवसाच्या त्या परीक्षेसाठी शेवटच्या वर्षांत दीड हजार डॉलरहून अधिक शुल्क भरून, व्हिसा आणि विमानभाडे निराळे, मुंबईची मुले जात. त्या पाच शहरांत एक फिलाडेल्फिया होते. साथीच्या काळात परीक्षा थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची बंद झाली. ब्रिटनच्या परीक्षेच्या दुसऱ्या भागासाठी मँचेस्टरला मात्र जावेच लागते.

या मुलांना नावे ठेवणे सोपे आहे. मला ते पटत नाही. दार जेथे ठेवले आहे तेथूनच आत जावे लागते, आणि दार कोठे ठेवायचे हे जाणारा ठरवीत नसतो. कीर्तिकरांनीही ते ठरवले नव्हते. त्या चार महिन्यांनी त्यांना हुद्दा दिला, आणि हुद्द्याने अभ्यासाला लागणारी सवड व अधिकार दिला, हे मान्यच करावे लागते. सखाराम अर्जुन १८८५ साली वारले. त्यांना हुद्दा आणि सवड मिळती तर त्यांच्या औषधिसूचीचे पुढे काय झाले असते, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

‘इंदिरा’बद्दल एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ती १८८० च्या दशकातली, म्हणजे आनंदीबाई परदेशी शिकत होत्या त्या सुमाराची. टेनिसनच्या मूळ काव्यात एक राजकन्या स्त्रियांसाठी विद्यापीठ काढते, पुरुषांना तेथे मज्जाव असतो आणि अखेरीस लढाईतील जखमींच्या शुश्रूषेसाठी त्या विद्यापीठाचेच रुग्णालय होते. इंग्रजी काव्याच्या अफाट भांडारातून एका लष्करी डॉक्टरने नेमके हेच मराठीत आणावे, हा योगायोग असेलही. नेटलेसमोरची खाडी जेथे समुद्राला मिळते त्याच्या पलीकडे वाइट बेट आहे आणि टेनिसन त्या काळी वर्षाचा बराच भाग त्या बेटावर राहत. मराठी काव्याच्या इतिहासकारांनी ‘इंदिरा’कडे केवळ भाषांतर म्हणून पाहिले. ती रुग्णालयांत वावरलेल्या माणसाने निवडलेली कथा आहे, असे धरून कोणी ती पुन्हा वाचून पाहावी.

नेटलेची इमारत १९६६ साली पाडली गेली. मधले प्रार्थनामंदिर तेवढे उभे आहे. कीर्तिकर १९१७ साली गेले. बामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा ग्रंथ पुढच्या वर्षी अलाहाबादच्या पाणिनी कार्यालयाने काढला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन्ही लेखकांच्या नावांपुढे लष्करी हुद्दे आहेत, आणि नावांमागे आय.एम.एस. ही तीन अक्षरे.