शाळेचे मैदान ते महाविद्यालयाचा संघ : नांदेड-लातूरच्या खेळाडूंची वाट

१/
१९५२ साल. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ते पैसे त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याच्या हाती दिले. त्या वर्षी २३ जुलैला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.

२/
गहाण घराची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्या आधीचा प्रसंग मात्र कमी सांगितला जातो. खाशाबांची चण लहान होती. त्यामुळे महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांचे नाव घेण्यास क्रीडाविभागाने आधी नकार दिला होता, असे सांगतात. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि प्राचार्यांनी परवानगी दिली. पुढचा सारा इतिहास त्या एका परवानगीतून घडला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि चार वर्षांनी पदक घेऊन परतले.

३/
आता नकाशावर पूर्वेकडे यावे. खाशाबांचा जन्म १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. त्याच वयाचा, तितक्याच ताकदीचा मुलगा नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या गावात असता, तर त्याचे खर्डेकर कोण झाले असते? उत्तर सरळ आहे : कोणीही नाही. हा भाग तेव्हा निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि नांदेड वा लातूर येथे पदवीचे महाविद्यालयच नव्हते.

४/
पदवीसाठी जायचे ते हैदराबादला, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात. नांदेडहून ते अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक. शिक्षणाचे माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलापुढे भाषा, भाडे आणि वसतिगृहाचा खर्च अशा तीन भिंती होत्या. खेळातले कौशल्य यांपैकी एकही भिंत पाडू शकत नव्हते.

५/
हैदराबाद शहरात मात्र याच काळात एक विलक्षण गोष्ट घडत होती. उस्मानियाचे पदवीधर आणि पेशाने शाळामास्तर असलेले सय्यद अब्दुल रहीम फुटबॉलचे खेळाडू घडवत होते. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. भारताला १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळाले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान मिळाले. या तिन्ही वेळी प्रशिक्षक रहीमच होते.

६/
त्या विजयी संघाच्या नावातच एक धडा आहे. तो संघ महाविद्यालयाचा नव्हता, पोलिसांचा होता. चांगल्या खेळाडूला शोधून, त्याला पगार देऊन सांभाळण्याचे काम त्या काळी पोलीस, लष्कर आणि रेल्वे करीत. खेळाचे फळ नोकरी हे होते, पदवी नव्हे. ऑलिंपिक पदक मिळवलेले खाशाबाही १९५५ मध्ये पोलीस खात्यातच दाखल झाले.

७/
१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि चित्र हळूहळू पालटू लागले. १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय, १९६३ मध्ये नांदेडला यशवंत महाविद्यालय आणि १९७० मध्ये लातूरला राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. गावातून निघालेल्या मुलाला आता पदवीसाठी संस्थानच्या राजधानीची वाट धरावी लागत नव्हती.

८/
तरी खेळाडूची अडचण संपली नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ औरंगाबादला होते आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेत एका खेळात एका विद्यापीठाचा एकच संघ उतरतो. फुटबॉलमध्ये मैदानावर अकरा जण. त्या अकरांत येण्यासाठी किनवट, देगलूर वा उदगीरच्या मुलाला साऱ्या मराठवाड्याशी झुंजावे लागे, तेही दूरच्या निवडचाचणीला जाण्याइतके पैसे खिशात असतील तर.

९/
म्हणून या भागाच्या मोठ्या खेळाडूंनी वेगळीच वाट धरली. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले आणि १९७२ मध्ये हिंदकेसरीचा मान मिळवला. पुढे पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी मल्लांची एक पिढी उभी केली. तिच्यात लातूर जिल्ह्याचेच काका पवार होते, ज्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

१०/
तालमीची ही व्यवस्था नीट पाहण्यासारखी आहे. जत्रेतल्या मैदानात पोराची कुस्ती वस्तादांच्या नजरेत भरते. घरच्यांशी बोलणे होते आणि पोरगा तालमीत राहायला जातो. वस्ताद पुढे स्वतःच्या गावाकडची पोरे आणतो. पारख, शिफारस आणि निवारा ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे. खेळाडू हेरण्याची ती आपली जुनी पद्धत होती. तिच्यात उणीव एकच होती : खुराक आणि मेहनत मिळे, पदवी मात्र मिळेलच असे नसे. मांडीचा स्नायू फाटला किंवा खांदा निखळला, की हाती काहीच उरत नसे.

११/
अमेरिकेने याच कामाची संस्था बनवली. तेथील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी राष्ट्रीय संघटना १९०६ ची. १९५६ मध्ये तिने निव्वळ खेळातील गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देण्यास मान्यता दिली. १९७२ च्या कायद्याने मुलींनाही समान संधी देणे बंधनकारक झाले. तेथे महाविद्यालयाचा प्रशिक्षक स्वतः शाळांचे सामने पाहतो, मुले त्याला पत्रे आणि चित्रफिती पाठवतात, आणि चांगल्या खेळाडूचे शुल्क महाविद्यालय भरते. जत्रेतल्या वस्तादाची नजर आणि प्राचार्यांचे ७,००० रुपये या दोन्ही गोष्टी तेथे नियमात बसवल्या गेल्या.

१२/
नांदेड-लातूरसाठी सर्वांत मोठा बदल १७ सप्टेंबर १९९४ रोजी झाला. मराठवाडा विद्यापीठातून वेगळे होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि पुढे वेगळा झालेला हिंगोली हे जिल्हे त्याच्याकडे आले. या घटनेची चर्चा सहसा पदव्या आणि परीक्षांच्या अंगाने होते. खेळाच्या बाजूने तिचा अर्थ असा, की जिथे मराठवाड्याचा एक संघ जात होता तिथे आता दोन जाऊ लागले. प्रत्येक खेळात, मुलांच्या आणि मुलींच्या अशा दोन्ही गटांत, नव्या जागा निर्माण झाल्या आणि निवडचाचणी घराजवळ आली. मुलीला परगावी धाडताना दहादा विचार करणाऱ्या घरासाठी हे अंतर कमी होणे ही लहान गोष्ट नव्हती.

१३/
पण त्याच काळात दुसरी एक लाटही उठली होती. बारावीच्या निकालांतून 'लातूर पॅटर्न' हे नाव राज्यभर पोचले आणि लातूर म्हणजे वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे प्रवेशद्वार असे समीकरण झाले. दहावीपर्यंत जिल्ह्याच्या संघातून खेळणाऱ्या मुलाचा सराव अकरावीत शिकवणीच्या वेळापत्रकाखाली दबू लागला. शाळेचे मैदान आणि महाविद्यालयाचा संघ यांच्यामधली ही दोन वर्षे आजही सर्वांत निसरडी आहेत. अनेकांचा खेळ इथेच सुटतो.

१४/
या दोन वर्षांतून खेळाडूला पार नेणारी वस्तू म्हणजे कागद. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढत जातात. १९६० पासून चालत आलेली सुब्रतो चषक फुटबॉल स्पर्धाही शाळांच्याच संघांची. या पायऱ्यांवर मिळालेल्या प्रमाणपत्रांवर दहावी-बारावीचे २५ पर्यंतचे सवलतीचे गुण, खेळाडूंच्या राखीव जागेवरील प्रवेश आणि पुढे शासकीय नोकरीतले ५ टक्के आरक्षण अवलंबून असते. प्रत्येक लाभाची पात्रता निराळी. अर्जाची तारीख हुकली किंवा प्रमाणपत्राची पडताळणी राहिली, तर मैदानावरचा गोल कागदावर उरत नाही.

१५/
हे सारे मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना कोण सांगते? बहुतेक गावांत एकच माणूस : शाळेचा क्रीडाशिक्षक. तोच संघ नेतो, तोच अर्ज भरून घेतो, तोच महाविद्यालयाच्या क्रीडा संचालकांना सांगतो, 'या पोराचा खेळ एकदा बघा.' ज्या शाळेत हे पद रिकामे आहे, तिथल्या मुलासाठी १९९४ चे विद्यापीठही दूरच राहते.

१६/
म्हणूनच खर्डेकरांची गोष्ट केवळ दातृत्वाची म्हणून वाचू नये. सात हजार रुपयांमुळे हेलसिंकीचा प्रवास झाला हे खरे. परंतु त्याआधी एका लहान चणीच्या विद्यार्थ्याचे नाव यादीत लिहिले गेले, म्हणून तो प्रवास शक्य झाला. रहीम शाळामास्तर होते, बिराजदार वस्ताद झाले, खर्डेकर प्राचार्य होते. तिघांची कामे वेगळी, पण प्रत्येकाने आपल्यासमोरच्या पोराची पारख केली. नांदेड-लातूरने गेल्या पाऊणशे वर्षांत महाविद्यालये उभारली, विद्यापीठ मिळवले. मैदानावरच्या मुलाचे नाव त्या यादीपर्यंत नेणारा माणूस प्रत्येक शाळेत असणे, एवढे काम अजून बाकी आहे.