किल्ली कपाटातच!

परवा भाच्याने लॅपटॉप चालू केला. पडद्यावर चार ओळी सरकल्या नि लॉगिन आलं. "मामा, एवढ्यात आत काय होतं रे?" मला एकदम २००६ सालची एक रात्र आठवली.

तेव्हा लिनक्सचं कर्नेल स्वतः कंपाइल करायची हौस दांडगी. एका रात्री नवं कर्नेल टाकून रीबूट केलं आणि पडद्यावर आलं 'कर्नेल पॅनिक'. रूट फाइलसिस्टिम माउंट करता येत नाही म्हणे! त्याच डिस्कवर आईच्या साठीचे सगळे फोटो होते. दुसरी प्रत नाही. आई आत गाढ झोपलेली, मी बाहेर घामाघूम.

आता हे 'रूट' काय प्रकरण आहे? लिनक्समधल्या सगळ्या फायली एकाच झाडाला लटकलेल्या असतात. त्याचं मूळ डिस्कच्या ज्या भागात, तो भाग कर्नेलने आधी जोडून घ्यायचा. मगच पुढचं सगळं.

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स आणलं तेव्हा मामला साधा होता. रूट कुठल्या डिस्कवर आहे त्याचा क्रमांक कर्नेलच्या बूट सेक्टरमध्ये, ५०८व्या बाइटपासून दोन बाइटांत लिहिलेला असे. पुढे नाना तऱ्हेची स्कझी कार्डं आली. सगळ्यांचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये कोंबले तर ते फ्लॉपीवर मावेना. म्हणून ड्रायव्हर मॉड्यूल करून डिस्कवर ठेवायचे. पण डिस्क वाचायला तर ड्रायव्हर हवा! म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच.

१९९६ मध्ये वेर्नर आल्मेसबर्गर आणि हान्स लेर्मेन यांच्या 'इनिटआरडी'ने हा पेच सोडवला. बूटलोडर कर्नेलसोबत एक छोटी फाइलसिस्टिमही मेमरीत आणून ठेवतो. बूटलोडर स्वतः बायोसच्या मदतीने डिस्क वाचतो, त्यामुळे त्याचं अडत नाही. कर्नेल आधी या तात्पुरत्या बिऱ्हाडात उतरतं, तिथून ड्रायव्हर घेतं आणि मग खऱ्या घरात जातं. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नेलपासून हेच काम 'इनिटरॅमएफएस' करू लागलं. खरं रूट सापडलं की ते आपला पसारा आवरून जागा मोकळी करतं. भाच्याला दिसलेल्या चार ओळींत हे सगळं होऊन जातं.

माझी चूक? डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून ठेवला आणि इनिटआरडी बनवायलाच विसरलो. हे कळायला पहाट झाली. ग्रबच्या यादीतून जुनं कर्नेल निवडलं, मशीन सुरू झालं. आईचे फोटो होते तिथेच होते. दाराशी किल्ली तेवढी नव्हती.

सकाळी पहिलं काम काय केलं असेल? फोटोंच्या दोन सीड्या. एक माझ्याकडे, एक ताईकडे :-)

आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. आता ती हे वाचेलच. असो.