सुलतानाचा दात, प्रवाशाची होडी आणि न दिसणारे पाणी

१/ मांजरसुंबा हे नाव अनेकांना ठाऊक असते ते रस्त्यावरच्या पाटीमुळे. सोलापूरहून बीडकडे जाणारा महामार्ग आणि पाटोद्याहून केजकडे जाणारा रस्ता येथे एकमेकांना छेदतात. चहा घ्यावा, गाडी बदलावी आणि घाट उतरावा, एवढीच प्रवाशांची या गावाशी ओळख. मात्र चौदाव्या शतकातील एक सुलतान, त्याचा मोरोक्कन दूत आणि चीनमधील कालव्यांचे एक महानगर यांना जोडणारा धागा याच डोंगराळ मुलखातून जातो. तो धागा म्हणजे पाणी.

२/ आधी भूगोल. मांजरसुंबा बालाघाटाच्या माथ्यावर आहे. घाटाच्या उत्तरेला उतरणारे पाणी बिंदुसरेतून सिंदफणेला आणि पुढे गोदावरीला मिळते. दक्षिणेकडे वळणारे पाणी मांजरेचे होते. मांजरा लातूर, बिदर असा लांबचा वळसा घेते आणि कंदकुर्तीजवळ तीही गोदावरीतच विसर्जित होते. म्हणजे माथ्यावर शेजारी शेजारी पडलेले दोन थेंब शेकडो कोसांनी पुन्हा भेटतात. माथ्यावर मात्र दोन्ही थांबत नाहीत.

३/ या मुलखातून एकदा मुहम्मद बिन तुघलकाची छावणी गेली. माबारचे, म्हणजे तमिळ किनाऱ्यावरचे, बंड मोडायला निघालेल्या सुलतानाच्या सैन्यात वरंगळच्या परिसरात साथ पसरली. सुलतानही आजारी पडला आणि मोहीम अर्धवट सोडून देवगिरीकडे, म्हणजेच दौलताबादकडे, परतला. वाटेत बीडच्या मुक्कामी त्याचा एक दात पडला. तो समारंभपूर्वक पुरण्यात आला आणि त्यावर वास्तूही उभी राहिली, असे फिरिश्ता सांगतो. बीड तालुक्यातील करझणीची वास्तू हीच, असे परंपरा मानते.

४/ फिरिश्त्याने हे लिहिले ते प्रसंगानंतर सुमारे अडीच शतकांनी. त्यामुळे दाताची कथा सावधपणे वाचायला हवी. बीडच्या नावाची आख्यायिकाही अशीच तुघलकाशी जोडलेली आहे. त्याने येथे विहिरी खोदविल्या आणि अरबीतील ‘बीर’, म्हणजे विहीर, या शब्दावरून गावाला नाव दिले, असे सांगतात. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, लोकस्मृतीने या शहराची ओळख विहिरीशी जोडली, हे मात्र लक्षात घेण्याजोगे आहे.

५/ याच सुलतानाच्या पदरी एक परदेशी काझी होता: इब्न बत्तूता. जन्म १३०४ चा, तंजियरचा. १३२५ मध्ये हजसाठी घर सोडताना आपण एकटेच निघालो, सोबतीला कोणी नव्हते, असे तो सांगतो. भटकत भटकत तो दिल्लीला आला आणि काझी झाला. सुलतान दक्षिणेच्या मोहिमेवर असताना तो दिल्लीतच होता. पुढे एका सूफीशी असलेल्या संबंधामुळे त्याच्यावर सुलतानाची वक्रदृष्टी झाली, आणि त्यानंतर, कुणालाही अनपेक्षित वाटावे असे, सुलतानाने त्याला चीनच्या दरबारी दूत म्हणून नेमले.

६/ १३४२ मध्ये तो मोठ्या लवाजम्यासह आणि मौल्यवान भेटींसह निघाला. वाटेत दौलताबाद लागले. तेथील किल्ला, संगीताचा बाजार, द्राक्षे व डाळिंबे आणि मराठ्यांचा आहार यांच्याविषयी त्याने लिहिले आहे. तेथून तो नंदुरबारमार्गे खंबायतकडे वळला. बीडची वाट त्याच्या मार्गावर नव्हती. कालिकतला वादळात भेटवस्तूंचे जहाज बुडाले, दुसरे त्याला मागे ठेवून निघून गेले, आणि राजदूत पुन्हा एकदा साधा प्रवासी झाला.

७/ मालदीव, श्रीलंका, बंगाल, सुमात्रा असे करत १३४६ च्या सुमारास तो चीनमधील खन्सा नगरीत पोचला. हेच आजचे हांगचौ. मार्को पोलोच्या ग्रंथातील ‘किन्साय’ते हेच. ११३८ पासून १२७६ मध्ये मंगोलांनी ते जिंकेपर्यंत हे दक्षिण सोंग वंशाचे राजधानीचे शहर होते. उत्तरेकडून येणाऱ्या महाकालव्याचे दक्षिण टोकही हेच. आपण पाहिलेले पृथ्वीवरील सर्वांत मोठे शहर, असे बत्तूता त्याचे वर्णन करतो.

८/ त्याच्या मते हे एक शहर नसून तटबंदीने विभागलेली सहा शहरे होती. राज्यकारभाराच्या भागातून तीन कालवे जात. त्यांपैकी एक मोठ्या नदीतून आणलेला होता, आणि त्यातून छोट्या होड्या शहराला धान्य व ‘जळणारे दगड’, म्हणजे कोळसा, पुरवीत. प्रवासवर्णनातील ही एक ओळ अर्थशास्त्राच्या पानाइतकी मोलाची आहे. लाखोंच्या वस्तीची चूल पाण्यावरून येणाऱ्या इंधनावर पेटत होती.

९/ मग येतो त्याचा नौकाविहार. शहराचा अमीर कुर्ताय याने त्याला तीन दिवस पाहुणा म्हणून ठेवून घेतले आणि आपल्या मुलाबरोबर कालव्यावर पाठविले. एका नौकेत पाहुणे, दुसरीत अमीरपुत्र आणि त्याचे गायक-वादक. ते चिनी, अरबी आणि फारसी अशा तीन भाषांत गात. भोवती रंगीत शिडांच्या आणि रेशमी छतांच्या असंख्य नौका होत्या. त्यांतील लोक लुटुपुटीची लढाई करत एकमेकांवर संत्री आणि लिंबे फेकत होते. सायंकाळी सारे अमीराच्या वाड्यावर परतले.

१०/ येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे थांबावे. बत्तूताने आपला प्रवास १३५५ मध्ये, आठवणींच्या आधारे, इब्न जुझय या लेखकाला सांगितला. चीनमधील त्याच्या प्रवासाच्या काही भागांविषयी अभ्यासकांनी शंकाही घेतल्या आहेत. आणि त्याने जे पाहिले असेल तेसुद्धा होडीच्या काठावरून. होडीतून पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. पाणी तेथवर कसे पोचले, ते होडीतून दिसत नाही.

११/ त्याच शहरातील न दिसलेली बाजू अशी. हांगचौची भूमी समुद्राच्या भरतीने आणलेल्या गाळावर वसलेली. त्यामुळे भूगर्भातील पाणी मचूळ. अंगणात विहीर खोदली, तरी ते पाणी पिता येत नसे. आठव्या शतकात, ७८० नंतरच्या काही वर्षांत, तेथील प्रशासक ली बी याने पश्चिम सरोवराचे गोडे पाणी जमिनीखालच्या नळांनी शहरात आणले आणि ते सहा ‘विहिरीं’त साठविले. या खऱ्या विहिरी नव्हत्याच. सरोवराशी गुप्तपणे जोडलेले ते हौद होते.

१२/ तीन शतकांनंतर सु शी, म्हणजेच कवी सु तुंगपो, तेथे प्रशासक म्हणून आला. बांबूचे नळ कुजले होते. त्याने त्यांच्या जागी भाजलेल्या मातीचे नळ घातले. सरोवर गाळाने आणि पाणवनस्पतींनी भरत चालले होते, कालवेही भरतीच्या गाळाने उथळ झाले होते. १०९० च्या सुमारास त्याने दोन्ही साफ करविले. वर्ष टंचाईचे होते. भिक्षुदीक्षेची प्रमाणपत्रे विकून पैसा उभारला आणि भुकेल्या लोकांना गाळ काढण्याचे काम मिळाले. त्या गाळातूनच सरोवरावरचा प्रसिद्ध बांध उभा राहिला.

१३/ दुष्काळात खडी फोडणाऱ्या आणि तलाव खोदणाऱ्या आजी-आजोबांच्या गोष्टी ऐकलेल्या मराठवाड्यातील वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. १९७२ च्या दुष्काळातील पाझर तलाव याच विचारातून झाले: पोटाला काम आणि गावाला पाणी. दोन्ही प्रसंगांत जवळजवळ नऊशे वर्षांचे अंतर आहे.

१४/ बत्तूताच्या वर्णनात त्या सहा विहिरी नाहीत, खापरी नळ नाहीत, गाळ उपसणारे हातही नाहीत. हा त्याचा दोष नव्हे. पाहुण्याला दिवाणखाना दाखवतात, मोरी दाखवत नाहीत. मात्र होडी तरंगत होती ती गाळ उपसला जात होता म्हणून, आणि होडीवर संत्री फेकणाऱ्यांची तहान भागत होती ती जमिनीखालच्या नळांवर. कालव्यांचे शहर होड्यांमुळे ओळखले जाते, पण जगते ते देखभालीवर.

१५/ आता पुन्हा बालाघाटाकडे. मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे जाताना, शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, सलाबतखानाने ती बांधविली. बांधकामाचे श्रेय परंपरा राजा भास्कर या स्थपतीला देते. विहिरीत भूमिगत वाहिन्या उघडतात. काहींतून पाणी आत येते, एकीतून ते शेतांकडे बाहेर पडते.

१६/ या रचनेतील बुद्धी उतारात आहे. जमीन दक्षिणेकडून उत्तरेकडे कललेली. डोंगराच्या बाजूचे भूजल वाहिनीने हळूहळू गोळा करायचे, विहिरीत आणायचे आणि पुढच्या वाहिनीने खालच्या शेतांना द्यायचे. मोट नको, बैल नको, गुरुत्वाकर्षण पुरेसे. वाहिनी जमिनीखाली असल्याने उन्हाने बाष्पीभवनही होत नाही. इराणातील कनातांचे तत्त्व हेच, आणि दख्खनच्या कोरड्या हवेला ते नेमके लागू पडले.

१७/ हीच परंपरा पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर दिसते ती मलिक अंबरच्या खडकीत. १६१० मध्ये त्याने हे शहर निजामशाहीची राजधानी म्हणून वसविले, औरंगजेबाने त्याचे औरंगाबाद केले, आणि आज ते छत्रपती संभाजीनगर आहे. अंबरने उत्तरेकडच्या डोंगरांतून भूमिगत नहर आणली. पाणचक्कीचे पाणीही असेच डोंगरातून येते. वाटेतील उंच बंब नळांतील दाब आवरतात. पुण्याची कात्रजची नहर अठराव्या शतकातली. तिच्यावरच्या हवा-उजेडाच्या झरोक्यांना ‘उच्छ्वास’ असे सुंदर नाव आहे.

१८/ म्हणजे दख्खनमध्येही कालव्यांची शहरे होती. पण येथे होडी कधीच चालली नाही, कारण कालवे जमिनीखाली होते. हांगचौला बीडच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. तेथे पाणी मिरविता येत होते. येथे ते लपवून जपावे लागत होते. भूगोल वेगळा म्हणून रूप वेगळे. कौशल्य कमी नव्हते.

१९/ लपविण्याची किंमत मात्र इतिहासात मोजावी लागते. उघडा कालवा तुंबला तर होडी अडते, व्यापारी ओरडतात, दुर्गंधी सुटते. राज्यकर्त्याला दखल घ्यावीच लागते. भूमिगत नहर फुटली तर वर काहीच दिसत नाही. पाणी थोडे कमी येते, मग आणखी थोडे. एका पिढीनंतर उच्छ्वासावर भिंत उभी राहते आणि तो उच्छ्वास होता हेही विसरले जाते. प्रवाशांनी न पाहिलेल्या वास्तू नागरिकांनाही दिसेनाशा होतात.

२०/ हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती गाडी स्थानकात शिरतानाची छायाचित्रे देशभर पोचली. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण बीड जिल्ह्यातल्या धनेगावचे, आणि मांजरा उगम पावते ती याच बालाघाटावर, पाटोदा तालुक्यात. पाण्याची गाडी सर्वांना दिसली. त्याआधीची कित्येक वर्षे खाली खाली जाणारे भूजल मात्र कोणी छायाचित्रात पकडले नव्हते.

२१/ खजाना विहीर बांधणाऱ्यांनी आजच्या एवढ्या लोकसंख्येचा किंवा उसाचा विचार केलेला नव्हता. ती विहीर आजची टंचाई मिटवील, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तिच्याकडून शिकण्यासारखे आहे ते हिशेबाचे शहाणपण: उतार किती, पाणी किती, द्यायचे कोणाला, आणि वाहिनी साफ कोण करणार. शेवटचा प्रश्न सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा. हांगचौत सु शीला तोच सोडवावा लागला.

२२/ हांगचौचा महाकालवा २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आजही प्रवासी तेथे होडीतून शहर पाहतात. मराठवाड्यात असा जलप्रवास करता येणार नाही, पण दुसऱ्या प्रकारचा करता येतो. मांजरसुंब्याहून घाट उतरावा, खजाना विहिरीच्या काठाशी थांबावे, जमिनीचा उतार डोळ्यांनी मोजावा आणि पाणी कोठून आले व कोठे गेले, हे चालत शोधावे. वाटेत गवतात एखादे दगडी तोंड दिसले, तर त्याची जागा टिपून ठेवावी. नहरींचा इतिहास लिहायचा झाला, तर त्याची सुरुवात अशाच नोंदींपासून होईल.