टूलवर्णन : ब्राउझरच्या नेटवर्क-निरीक्षणाचे

ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली रिक्वेस्ट-रिस्पॉन्सची ये-जा तपासणाऱ्या एआय एजंटला प्रत्येक टूलसोबत दिला जाणारा छोटा मजकूर. टूल काय करते, कधी वापरायचे, कोणते पॅरामीटर घ्यायचे आणि उत्तरात काय मिळणार नाही, हे त्यात असते. निदान असायला हवे. एजंटमागच्या भाषा-मॉडेलला सहसा टूलचा कोड दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा आराखडा एवढ्यावरून त्याला कोणते टूल वापरायचे ते ठरवावे लागते. माणसांसाठीच्या दस्तऐवजात खपून जाणारी मोघम ओळ इथे चुकीच्या निदानापर्यंत नेते.

ओपनएआयने जून २०२३मध्ये फंक्शन कॉलिंग आणले तेव्हापासून अशी वर्णने लिहिणे हे डेव्हलपरचे नेहमीचे काम झाले. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, खुला केला आणि एकदा लिहिलेले वर्णन अनेक एजंटांपर्यंत पोचू लागले. ब्राउझरच्या क्षेत्रात मायक्रोसॉफ्टचा प्लेराइट एमसीपी आणि सप्टेंबर २०२५मध्ये जाहीर झालेला गूगलचा क्रोम डेव्हटूल्स एमसीपी ही ठळक उदाहरणे.

क्रोम डेव्हटूल्स एमसीपीत नेटवर्क-निरीक्षणाची दोन टूल्स आहेत. एक रिक्वेस्टची यादी देते, दुसरे त्यातल्या एकीचा तपशील. कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीत पत्राचा क्रमांक आणि विषय असतो, मजकूर फाइलीत असतो, तशीच ही विभागणी. ती वर्णनात लिहिली नाही, तर एजंट यादीतच रिस्पॉन्सचा मजकूर शोधत बसतो.

सर्वाधिक घोळ होतो तो कालमर्यादेचा. लॉगिनचे बटण दाबल्यावर रिक्वेस्ट जाते आणि लगेच दुसरे पान उघडते. यादी शेवटच्या नॅव्हिगेशनपासूनच्या रिक्वेस्टपुरती असेल, तर लॉगिनची रिक्वेस्ट तिच्यात दिसणारच नाही. हे न सांगितलेला एजंट ‘रिक्वेस्ट गेलीच नाही’ असा निष्कर्ष काढून फॉर्मचा धडधाकट कोड दुरुस्त करायला घेतो. डेव्हटूल्स एमसीपीच्या यादीवाल्या टूलच्या वर्णनात ‘शेवटच्या नॅव्हिगेशनपासून’ ही मर्यादा स्पष्ट आहे, आणि मागच्या ३ नॅव्हिगेशनपर्यंतच्या राखलेल्या रिक्वेस्ट मागवण्यासाठी वेगळा पॅरामीटर आहे. रिकाम्या यादीचाही अर्थ सांगावा लागतो. क्रोमच्या डेव्हटूल्स प्रोटोकॉलमध्ये नेटवर्क विभाग आधी चालू केला, तरच त्याच्या घटना कळू लागतात. त्यामुळे ‘काहीच घडले नाही’ आणि ‘नोंद उशिरा सुरू झाली’ या दोन्ही स्थितींत यादी सारखीच रिकामी दिसू शकते.

‘सर्व’ हा शब्द तर जपूनच वापरावा. प्लेराइट एमसीपीच्या टूलचे वर्णन ‘पान लोड झाल्यापासूनच्या सर्व नेटवर्क रिक्वेस्ट’ असे होते. पुढे त्यात चित्रे, फॉन्ट, स्क्रिप्ट अशा यशस्वी स्थिर घटकांसाठी पॅरामीटर आला आणि न मागितल्यास ते गाळले जाऊ लागले. गाळणे योग्यच, कारण निरुपयोगी फॉन्टच्या ओळींनी मॉडेलची संदर्भमर्यादा उगाच भरते. पण ‘सर्व’ म्हणायचे आणि गाळायचे, हे वर्णन म्हणून फसवे आहे. वेबसॉकेटवरून येणारे संदेशही क्रोमच्या प्रोटोकॉलमध्ये साध्या रिस्पॉन्सपासून वेगळ्या घटनांतून कळतात. टूल ते टिपत नसेल तर तसे लिहावे.

‘नेटवर्क रिक्वेस्ट दाखवते’ एवढ्यावर भागवण्याऐवजी वर्णन असे लिहिता येते : ‘निवडलेल्या पानाने शेवटच्या नॅव्हिगेशनपासून पाठवलेल्या रिक्वेस्टची यादी. प्रत्येक ओळीत क्रमांक, मेथड, पत्ता आणि स्टेटस कोड. रिस्पॉन्सचा मजकूर नाही. त्यासाठी हा क्रमांक तपशिलाच्या टूलला द्यावा. वेबसॉकेटचे संदेश नाहीत. फक्त वाचते, रिक्वेस्ट अडवत किंवा बदलत नाही.’ लांबीची भीती बाळगू नये. अँथ्रॉपिकचे मार्गदर्शनही प्रत्येक टूलला किमान ३-४ वाक्ये द्यावीत असेच आहे.

स्टेटस कोडबद्दलही एक ओळ खर्च करावी. ग्राफक्यूएल सर्व्हर अनेकदा चूक झाली तरी २०० हाच कोड पाठवतात आणि त्या चुकीचा तपशील मजकुरात देतात. फक्त कोड पाहणारा एजंट अशा वेळी ‘सारे ठीक’ म्हणून मोकळा होतो. मजकूर मागितला तरी तो मिळेलच असे नाही. नॅव्हिगेशननंतर किंवा बफर भरल्यावर ब्राउझर तो टाकून देऊ शकतो, आणि ‘मजकूर आता उपलब्ध नाही’ हे उत्तर ‘मजकूर रिकामा होता’ यापासून वेगळे ओळखता आले पाहिजे.

एमसीपीच्या मार्च २०२५च्या आवृत्तीत टूल केवळ वाचणारे आहे की काही बिघडवू शकणारे, हे सांगणाऱ्या खुणा आल्या. त्या केवळ सूचक आहेत. अविश्वासू सर्व्हरच्या खुणांवर विसंबू नये, असे मानकच सांगते. रिस्पॉन्सचा मजकूर परक्या संकेतस्थळाचा असतो आणि त्यात एजंटला फितवणाऱ्या आज्ञा दडवता येतात. त्याला माहिती समजावे, आज्ञा नव्हे, हे वर्णनात नोंदवणे उपयोगी असते, पण संरक्षण म्हणून तेवढे पुरत नाही. परवानग्यांचे कुंपण कोडमध्येच घालावे लागते.

गुपितांचा प्रश्न याहून गंभीर. नेटवर्कच्या नोंदी एचएआर फाइलीत साठवता येतात, आणि तिच्यात कुकी व सेशन टोकनही येऊ शकतात. २०२३मध्ये ओक्टा कंपनीच्या ग्राहक-साहाय्य प्रणालीत शिरलेल्या हल्लेखोरांनी ग्राहकांनी दिलेल्या अशाच फाइलींतले टोकन वापरून काही ग्राहकांची सेशन बळकावली होती. क्रोमच्या १३०व्या आवृत्तीपासून डेव्हटूल्स एचएआर निर्यात करताना कुकी आणि ऑथरायझेशनचे हेडर आपोआप वगळते. एजंटच्या हाती नोंदी देणारे टूल हे हेडर झाकते की जसेच्या तसे देते, हे ज्या वर्णनात नाही ते अपुरे समजावे.