महत्तर ते म्हातारा

मागच्या शनिवारी आई-बाबांना घेऊन भाज्याच्या लेण्यांना गेलो होतो. लोकलनं मळवलीला उतरायचं, गावापर्यंत चालायचं आणि मग पायऱ्या. बाबा ६७ वर्षांचे. अर्ध्या वाटेत ते दम खायला थांबले. मागून कॉलेजच्या पोरांचा घोळका आला. "अरे थांब, म्हाताऱ्याला आधी जाऊ दे," त्यातला एक म्हणाला.

पोरगं खरं तर चांगलंच वागत होतं. पण बाबांचा चेहरा पडला. मी ऐकलंच नाही असं दाखवून सॅकमध्ये पाण्याची बाटली शोधत बसलो.

वर चैत्यगृहाच्या पुढे स्तूपांचा एक गट आहे. एकूण १४ स्तूप, ५ कातळाच्या आत आणि ९ बाहेर. हे इथल्या भिक्षूंचे स्मारक-स्तूप. त्यातल्या काहींवर ब्राह्मी लिपीत नावं कोरली आहेत आणि नावाआधी एक बिरुद आहे: 'थेर'. संस्कृत 'स्थविर'चं हे प्राकृत रूप. अर्थ, संघातला ज्येष्ठ, मानाचा भिक्षू. श्रीलंका-थायलंडकडच्या 'थेरवादा'तला थेर तो हाच.

आता गंमत बघा. याच थेरला मराठीनं 'डा' जोडला आणि झाला 'थेरडा'! एके काळी आदरानं दगडात कोरलेला शब्द आज आपण पार्किंगवरून भांडताना शिवीसारखा वापरतो.

'म्हातारा'चंही तेच. मूळ शब्द 'महत्तर', म्हणजे 'अधिक मोठा'. आठव्या ते दहाव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत राजा गाव दान देतो, तेव्हा ती आज्ञा कुणाकुणाला कळवली याची यादी असते. राष्ट्रपती (तेव्हाचा प्रांताचा अधिकारी हो!), विषयपती, ग्रामकूट... आणि महत्तर. महत्तर म्हणजे गावातली जाणती, वजनदार माणसं. पुढे शब्दातला अधिकार गळाला आणि नुसतं वय उरलं. मग 'म्हातारचळ'सारखे शब्द आले.

सभ्यपणे बोलायला 'वृद्ध' होताच. 'वृद्धी' ज्या धातूतून आली त्यातलाच हा, म्हणजे 'वाढलेला'. पण 'वृद्धाश्रम' रुळला आणि तोही ऐकायला जड झाला. मग 'ज्येष्ठ नागरिक'. २००७ च्या केंद्राच्या कायद्यात ६० वर्षं पूर्ण झालेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरली. २०२२ साली एसटीनं पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत प्रवास दिला, त्या योजनेचं नाव 'अमृत ज्येष्ठ नागरिक'. 'ज्येष्ठ'चा मूळ अर्थच 'सर्वांत मोठा', तरी त्याला आणखी एक विशेषण लागलं.

आमच्या धंद्यात नवशिक्यालाही कळतं की व्हेरिएबलचं नाव बदलून बग जात नाही. शब्दात मुळातच खोट असती, तर गावाकडे लोक आईला मायेनं 'आमची म्हातारी' म्हणाले नसते. महत्तराचा मान काही त्या अक्षरांत नव्हता. गावाची गोष्ट त्याच्या कानावर घालावी लागायची, यात तो होता.

हे सगळं उतरताना बाबांना उत्साहानं सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं, हसले. आणि मलाच एक गोष्ट आठवली. दोन महिन्यांपूर्वी मी फ्लॅट बुक केला. बाबांची ३० वर्षं बांधकाम खात्यात गेली. मी त्यांना फोनवर फक्त पत्ता सांगितला होता. मत विचारलं नव्हतं. घरी मी त्यांना कधी 'म्हातारा' म्हणालेलो नाही, 'अहो बाबा'च म्हणतो. पण त्या पोरानं निदान वाट तरी दिली होती.

असो. करारनामा अजून व्हायचाय. रविवारी सगळे कागद आणि नकाशा त्यांच्यापुढे ठेवला. पहिलाच प्रश्न आला, "पाण्याची टाकी कुठेय यात?"

मला माहीत नव्हतं.